शिडाच्या नौकेतील मैलाटाकी : वास, तुंबणे आणि उलटे येणारे पाणी

कोकण किनाऱ्यावर मांडव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत शिडाच्या नौकांवर मैलाटाकीचे काम निघाले की मालकाचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : टाकी खराब झाली, बदलून द्या. टाकी क्वचितच खराब झालेली असते. तिच्यात हवा येण्याजाण्याची वाट बुजलेली असते आणि त्या एकाच कारणातून वास, तुंबणे, शौचाच्या भांड्यात उलटे येणारे पाणी आणि टाकी न उपसणारा पंप अशा वरवर वेगळ्या दिसणाऱ्या तक्रारी उभ्या राहतात. पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेली नौका पुन्हा पाण्यात उतरली की हा बिघाड हमखास परत येतो. पुढील तपासणी मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने लिहिली आहे. ज्याला पैसा लागत नाही ते आधी आणि टाकी उघडण्याचे काम सर्वांत शेवटी.

लक्षणे नीट वाचावीत

हत्यारे काढण्यापूर्वी वास केव्हा आणि कोठे येतो हे एक दिवस लक्ष ठेवून पाहावे. भांड्याच्या पंपाचा दांडा मारताच पहिल्या पाण्याबरोबर वास येऊन थोड्याच वेळात तो नाहीसा होत असेल, तर दोष मैलाटाकीचा नाही. नौका बंद असताना आत येणाऱ्या नळीत साचून राहिलेले समुद्राचे पाणी कुजलेले असते. हिवाळ्यात रात्री आपल्या किनाऱ्यावर लाटा निळसर चमकतात त्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे. असे जीव नळीत अडकून मेले की त्यांचाच हा वास असतो. नौका सोडून जाताना समुद्राचे पाणी आत घेणारा सीकॉक (नौकेच्या अंगातल्या छिद्रावरचा बंद-चालू करायचा व्हॉल्व्ह) बंद करून, भांड्याच्या पंपातून आणि शक्य असल्यास आत येणाऱ्या नळीतूनही गोडे पाणी फिरवून ठेवले की ही तक्रार संपते. एवढ्यासाठी चांगल्या टाक्या बदललेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हे सर्वांत आधी सांगतो.

फ्लश करताना डेकवर हवानळीच्या तोंडाशी क्षणभर वास येणे स्वाभाविक आहे. टाकीत दोन लिटर पाणी गेले तर दोन लिटर हवा बाहेर पडणारच. सकाळी केबिन उघडताच सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, पंपाचा दांडा दिवसागणिक जड होत असेल, भांड्यात बुडबुडे येत असतील, किंवा डेकवरचे उपशाचे झाकण फिरवताच हवा फुस्स करून सुटत असेल, तर हवानळी बंद आहे असे धरून चालावे. उपसापंप थोडा वेळ ओढून थांबत असेल आणि काही मिनिटांनी पुन्हा थोडे ओढत असेल, तरीही संशय हवानळीवरच घ्यावा. आत येणाऱ्या मैल्याला बाहेर जाणारी हवा लागते आणि बाहेर जाणाऱ्या मैल्याला आत येणारी हवा लागते. वाट एकच असल्यामुळे दोन्ही कामे एकदम अडतात.

भांड्यात तासाभराने हळूहळू चढणारे गढूळ पाणी हे परतीचे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह (चौथ्या तपासणीतला जोकर व्हॉल्व्ह) बिघडल्याचे लक्षण आहे. टाकी दर वेळी अर्ध्यावर येऊन पुढे रिकामी होत नसेल, तर टाकीतली उपसानळी चिरलेली असण्याची शक्यता मोठी. टाकीच्या बुडाशी ओल असेल, तर खाली दिलेली बरीचशी तपासणी सोडून थेट गळतीकडे वळावे.

काम सुरू करण्यापूर्वी

समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. टाकीतल्या मैल्याला हवा मिळाली नाही की हवेविना जगणारे जिवाणू या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उष्म्यात ही क्रिया फार वेगाने होते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने नौकेच्या तळाशी साचतो. त्याचे प्रमाण दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेले की घ्राणशक्तीच बधिर होते. वास कमी झाला म्हणजे धोका टळला, असे त्यामुळे कधीही मानू नये. टाकीत मिथेनही तयार होतो आणि तो पेट घेतो. म्हणून सर्व हॅचेस (डेकवरची झाकणे) उघडावेत, स्टोव्ह बंद ठेवावा, विडी-सिगारेट ओढू देऊ नये, जाड रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालावा, आणि एकट्याने काम करू नये. हातावर जखम असलेल्या माणसाने या कामापासून दूर राहावे.

पहिली तपासणी : हवानळी

घरामागच्या सेप्टिक टँकच्या उभ्या पाइपाला जे महत्त्व, तेच नौकेच्या बाजूला दिसणाऱ्या करंगळीएवढ्या छिद्राला आहे. आधी डेकवरचे उपशाचे झाकण पूर्ण काढण्याऐवजी एक-दोन आटे सैल करावे आणि आपला चेहरा बाजूला ठेवावा, कारण आत दाब असेल तर मैला उसळून वर येऊ शकतो. दाब गेल्यावर झाकण घट्ट बंद करावे. मग एकाने भांड्याचा पंप मारावा आणि दुसऱ्याने हवानळीच्या तोंडावर साबणाचा फेस लावून पाहावे. प्रत्येक हाताबरोबर फेस फुगला तर वाट मोकळी आहे. फेस जागचा हलला नाही तर आजार सापडला.

कोकणात या तोंडात काय सापडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. नौका जमिनीवर असताना कुंभारीण माशी त्यात घर करते. चाकूच्या टोकाने उकरले की आधी लाल मातीचा कठीण बूच निघतो, त्यामागे अळीसाठी साठवलेले अर्धमेले कोळी, आणि त्यामागे पुन्हा माती. नौका पाण्यात असेल तर मिठाचे खडे आणि वाळलेला मैला यांचा थर सापडतो. तोंडावर बारीक जाळी बसवलेली असेल तर ती काढून टाकावी. अशी जाळी मिठाने आणि ओलाव्याने फार लवकर बुजते.

बूच काढल्यावर बाहेरून गोड्या पाण्याची नळी लावून बेताच्या दाबाने पाणी आत सोडावे. या वेळी टाकी भरलेली नसावी आणि डेकवरचे झाकण उघडे असावे, म्हणजे दाबाला वाट राहील. तोंडाने फुंकू नये. कॉम्प्रेसरची हवाही वापरू नये, कारण प्लॅस्टिकच्या टाकीचे सांधे त्या दाबासाठी केलेले नसतात. पाणी जात नसेल तर नळी दोन्ही टोकांनी सोडवून नायलॉनच्या जाड दोराने किंवा लवचिक तारेने साफ करावी.

नळी मोकळी होऊनही महिन्याभरात पुन्हा बुजत असेल, तर तिची मांडणी चुकीची आहे. टाकीपासून बाहेरच्या तोंडापर्यंत ती सतत चढती असावी. मध्ये झोळ पडला की नौका कलल्यावर आलेला मैला त्या झोळात बसतो आणि वाळतो. वाऱ्यावर नौका वीस अंश कलली की तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरलेली टाकी हवानळीतच रिकामी होऊ लागते. त्यामुळे टाकी त्या पातळीपुढे भरू न देणे हा सर्वांत स्वस्त उपाय. जुन्या नौकांवर हवानळी अनेकदा १६ मिलिमीटरची असते. जागा असेल तर ती २५ मिलिमीटरची आणि शक्य तेवढी आखूड व सरळ करून घ्यावी, आणि जमल्यास टाकीच्या दोन्ही बाजूंना एकेक द्यावी. हवा खेळती राहिली की हवेत जगणारे जिवाणू वरचढ ठरतात, आणि त्यांच्या कामातून सडक्या अंड्यांचा वास निर्माण होत नाही. वासासाठी बाटलीतली सुगंधी औषधे विकत घेण्यापूर्वी हा खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी तपासणी : पुरेसे पाणी

भांड्यापासून टाकीपर्यंतची ३८ मिलिमीटर आतील व्यासाची होज दर मीटरला सुमारे १.१ लिटर पाणी धरते. होज दोन मीटर असेल आणि दांडा दोन-चार वेळा हलवून माणूस उठत असेल, तर मैला टाकीत पोहोचतच नाही, होजमध्ये पडून राहतो. एका बादलीत पाच लिटर पाणी घेऊन, आत येणारा सीकॉक बंद केल्यावर, त्या बाजूची होज बादलीत सोडावी आणि बादली रिकामी होईपर्यंत दांडा किती वेळा हलवावा लागतो ते एकदा मोजावे. त्यावरून आपल्या होजसाठी किमान किती हात लागतात ते काढून भिंतीवर लिहून ठेवावे.

आपल्याकडे पाण्याचा वापर होत असल्याने कागदाचा त्रास कमी, पण पाहुण्यांबरोबर ओले वाइप्स आणि सॅनिटरी पॅड येतात. यांपैकी काहीही भांड्यात जाता कामा नये, आणि हे नौका सुटण्यापूर्वी प्रत्येक पाहुण्याला स्पष्ट शब्दांत सांगावे. संकोच करू नये. टाकीच्या तळाशी गाळ बसलेला वाटत असेल तर एक तृतीयांश गोडे पाणी भरून दिवसभर शिडावर जावे. नौकेच्या हेलकाव्यांनी गाळ सुटतो आणि खोल समुद्रात उपसता येतो.

तिसरी तपासणी : होज आणि क्लिपा

केबिनमध्ये सतत वास असूनही गळती दिसत नसेल, तर होजमधूनच वास पाझरत असतो. स्वच्छ सुती फडके कडकडीत पाण्यात बुडवून, पिळून, होजभोवती गुंडाळावे आणि गार झाल्यावर नौकेबाहेर नेऊन हुंगावे. फडक्याला वास लागला असेल तर त्या होजचे आयुष्य संपले आहे. ती कितीही धुतली तरी उपयोग होत नाही. प्रत्येक तुकड्यासाठी नवे फडके घ्यावे, नाहीतर कोणता तुकडा दोषी ते कळणार नाही. बदलताना मलनिस्सारणासाठीच बनवलेली जाड होज घ्यावी. बागेची किंवा मोटारपंपाची पारदर्शक होज काही महिन्यांत वास सोडू लागते. प्रत्येक टोकाला दोन क्लिपा लावाव्यात आणि त्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात. खाऱ्या हवेत साध्या क्लिपांचे स्क्रू आधी गंजतात आणि पट्टा नवा दिसत असतानाच तुटतात.

हवानळी मोकळी असूनही दांडा जड राहत असेल, तर होजच्या आत चुनखडीसारखा थर जमलेला असतो. लघवी आणि समुद्राचे पाणी एकत्र आले की कॅल्शियमचे क्षार भिंतीवर बसतात आणि ३८ मिलिमीटरची वाट बोटभर उरते. सुरुवातीचा थर असेल तर रात्री लिटरभर पांढरे व्हिनेगर भांड्यात टाकून ते होजमध्ये पोहोचेल एवढेच पंप मारावेत आणि सकाळी गोड्या पाण्याने धुवावे. महिन्यातून एकदा हे केले तर थर वाढत नाही. थर जुना असेल तर होज सोडवून, टोके बांधून, किनाऱ्यावर आणावी आणि धक्क्याच्या दगडावर आपटावी. थराचे करडे पापुद्रे आपोआप सुटतात. ते गोळा करून कचऱ्यात टाकावेत, पाण्यात नव्हे.

तीव्र आम्ल मी मालकांना सुचवत नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल थर विरघळवते हे खरे, पण ते स्टेनलेस स्टीलला आणि पितळी-कांस्य भागांनाही खाते. टाकीत कोणी ब्लीच टाकले असेल तर त्या दोघांच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद केबिनमध्ये तो जीवघेणा ठरतो. ब्लीच तर मुळातच टाकू नये : ते हवेत जगणाऱ्या उपयोगी जिवाणूंना मारते आणि रबरी व्हॉल्व्ह कडक करते.

चौथी तपासणी : जोकर व्हॉल्व्ह

भांड्याच्या पंपाच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाशी बदकाच्या चोचीसारखा रबरी पडदा असतो. तो कडक झाला किंवा त्यावर क्षार बसले की मिटत नाही आणि होजमधले पाणी भांड्यात परतताना दिसते. किंमत अल्प, काम अर्ध्या तासाचे. दरवर्षी नौका उतरवताना तो बदलावा आणि एक सुटा जोड नौकेवर ठेवावा, कारण लहान बंदरांतल्या दुकानांत तो मिळेलच असे नाही. मोकळे करण्यापूर्वी दोन्ही सीकॉक बंद करावेत आणि टाकी भांड्यापेक्षा उंच असेल तर ती आधी रिकामी करावी. रबराला खनिज तेल लावू नये, सिलिकॉन ग्रीस लावावे.

पाचवी तपासणी : उपसापंप

विजेचा मॅसरेटर (मैला दळून बाहेर ढकलणारा) पंप नुसता गुरगुरत असेल आणि फिरत नसेल, तर आधी फ्यूज आणि जोडांवरचा हिरवा गंज पाहावा. बारा व्होल्टच्या प्रणालीत पंप चालू असताना त्याच्या टोकांवर ११ पेक्षा कमी व्होल्ट दिसत असतील तर दोष तारेत किंवा बॅटरीत आहे, पंपात नाही. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) आत चिकटतो. अनेक पंपांना मोटारीच्या मागे स्क्रूड्रायव्हरची खाच असते. वीज पूर्ण तोडून त्या खाचेतून दांडा हाताने फिरवला की तो सुटतो. टाकी रिकामी झाल्यावर पंप कोरडा चालू ठेवल्यास इम्पेलर काही क्षणांतच जळू लागतो, त्यामुळे कळ दाबणाऱ्याने आवाजाकडे कान ठेवावा. हाताच्या डायफ्राम पंपात दोष बहुधा त्याच्या दोन चोचीसारख्या व्हॉल्व्हांत किंवा ओढणाऱ्या बाजूच्या सैल क्लिपेत असतो, जिथून पाण्याऐवजी हवा ओढली जाते.

उपसा कोठे करावा

कोकणातल्या बहुतेक बंदरांत टाकी उपसून घेण्याची स्वतंत्र सोय नाही, म्हणून हा प्रश्न दुरुस्तीइतकाच महत्त्वाचा आहे. जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठीच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या परिशिष्टानुसार दळलेला आणि निर्जंतुक केलेला मैला किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडे आणि कच्चा मैला बारा सागरी मैलांपलीकडे, किमान चार नॉट वेगाने जाताना, हळूहळू सोडता येतो. हा नियम ४०० टन आणि त्याहून मोठ्या, किंवा पंधराहून अधिक माणसे नेण्याची परवानगी असलेल्या जहाजांसाठी आहे. लहान नौकेने तरी बारा मैल, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर, हेच अंतर पाळावे. खाडीत उपसणे सर्वथा टाळावे. दाभोळच्या, जयगडच्या, वाघोटणच्या खाड्यांत ओहोटीला बायका तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवे काढतात. हे जीव पाणी गाळून जगतात आणि त्यातले रोगजंतू स्वतःच्या अंगात साठवतात. आपण रात्री सोडलेली टाकी दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी ताटात जाते. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

समुद्रात जाणे शक्य नसेल तर सेप्टिक टँक उपसणारा टँकर भरतीच्या वेळी धक्क्यावर बोलावता येतो. एक खबरदारी अत्यावश्यक आहे. त्या टँकरची ओढ फार मोठी असते आणि हवानळी बुजलेली असेल तर टाकीच्या भिंती आत दबून फुटतात. टँकर बोलावण्याच्या दिवशी फेसाची तपासणी पुन्हा करावी आणि टँकरची नळी डेकच्या तोंडात गच्च न बसवता बाजूने हवा जाईल अशी धरावी.

कोठे थांबावे

टाकीचे झाकण उघडून आत हात किंवा डोके घालावे लागेल, अशी वेळ आली की मालकाने थांबावे. चिरलेली उपसानळी, तळाला दगडासारखा बसलेला गाळ, आतून निसटलेला, पातळी दाखवणारा फ्लोट या सगळ्या कामांना ही वेळ येते. टाकी पूर्ण उपसून, अनेकदा धुऊन, पंख्याने हवा खेळवून, वायुमापक हाताशी ठेवूनच हे काम होते. खलाशाला चार पैसे देऊन हे काम त्याच्या गळ्यात मारू नये. गटारे आणि सेप्टिक टँक यांची धोकादायक सफाई माणसाकडून करवून घेण्यावर आपल्या देशात २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. नौकेची टाकी लहान असली तरी तिच्यातला वायू तोच आहे. काम करताना कोणाचे डोके जड झाले, मळमळले किंवा डोळे चुरचुरू लागले, तर सर्वांनी ताबडतोब डेकवर यावे. कोणी खाली कोसळले तर श्वसनसाधनाशिवाय त्याच्यामागे उतरू नये, मदत बोलवावी.

सीकॉकचा दांडा फिरत नसेल तर पाण्यात असताना त्यावर पान्याचा जोर लावू नये. धातू खरवडल्यावर गुलाबीसर दिसत असेल तर त्यातले जस्त निघून गेलेले असते आणि तो दांड्यासह हातात येऊ शकतो. नौका किनाऱ्यावर ओढूनच हे काम करावे. धातूच्या टाकीच्या वेल्डिंगमधून पाझर असेल तर ठिगळाने भागत नाही, कारण लघवी आणि खारे पाणी सांधा आतून खात असते. पॉलिथिलीनच्या टाकीच्या चिरेवर इपॉक्सी धरत नाही. त्याच जातीच्या प्लॅस्टिकने वेल्डिंग करणारा कारागीर लागतो. पंपाची तार गरम होत असेल किंवा वाय व्हॉल्व्हची (मैला टाकीकडे की समुद्राकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्हची) कोणती दिशा समुद्राकडे जाते हे खात्रीने सांगता येत नसेल, तर तेथेही थांबावे.

कारागीर शक्यतो नौकांचेच काम करणारा पाहावा. घरातला प्लंबर चांगला असला तरी पाण्याच्या पातळीखालच्या छिद्राची त्याला सवय नसते. एक जूनपासून मासेमारी बंद होते आणि त्याआधीच्या दिवसांत सगळे फिटर ट्रॉलर ओढण्याच्या गडबडीत असतात, म्हणून काम एप्रिलमध्येच सांगून ठेवावे. त्याला टाकीचे साहित्य, तिची क्षमता, होजची लांबी आणि टाकी शेवटची केव्हा रिकामी केली ते कळवावे. आणि टाकीत आम्ल, ब्लीच किंवा दुसरे कोणतेही रसायन टाकले असेल तर ते न विचारताच, त्याने हत्यार उचलण्यापूर्वी सांगावे.